गज, कात्री आणि जाते : हिंगोली परिसरातील कवितेचे अनपेक्षित ऋण

दहाव्या शतकातील काव्यशास्त्रकार राजशेखर याने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्याच्या जन्माची एक रूपककथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून जातो, त्याला वळवण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते, ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते, आणि अखेरीस विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह होतो. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होय. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती आणि त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. त्याच्या ‘हरिविजय’ या आज लुप्त झालेल्या काव्याची दखल आनंदवर्धनासारख्या आचार्याने घेतली आहे. म्हणजे काव्य आणि काव्यशास्त्र यांचे लग्न जिथे लागले असे जुन्या पंडितांनी मानले, ती जागा हिंगोली परिसराच्या शेजारची आहे, आणि याच परिसरात पुढे जी कविता जन्मली तिने मात्र त्या लग्नमंडपाची वाट धरली नाही.

कवीवर प्रभाव कोठून पडतात, या प्रश्नाचा विचार संस्कृत काव्यशास्त्राने बारकाईने केला होता. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त काव्याचा हेतू, म्हणजे काव्य निर्माण होण्याचे कारण, तीन गोष्टींच्या संयोगात सांगितले आहे : जन्मजात शक्ती, काव्य जाणणाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली केलेला अभ्यास, आणि लोक, शास्त्र व काव्य यांच्या निरीक्षणातून येणारी निपुणता. राजशेखराने तर एका कवीने दुसऱ्याचे शब्द वा अर्थ उचलण्याच्या प्रकारांचे, ज्याला तो ‘हरण’ म्हणतो, सविस्तर वर्गीकरण केले. या मांडणीत ‘लोक’ या घटकाला जागा होती हे नाकारता येत नाही. परंतु तो लोक कवीने बाहेरून पाहायचा होता. पाहणारा कवी राजसभेतला किंवा पाठशाळेतला, आणि पाहिली जाणारी माणसे शेतातली, हाटातली, चुलीपुढची, असा तो संबंध होता. पाहिल्या जाणाऱ्यांपैकीच कोणी कवी झाला, आणि त्याच्या हातातले अवजारच त्याच्या रचनेचे साधन झाले, तर काय घडेल, हा प्रश्न त्या शास्त्रापुढे आलाच नव्हता. त्याचे उत्तर तेराव्या-चौदाव्या शतकांत कयाधू नदीच्या काठाने दिले.

हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके. कयाधू ही येथली मुख्य नदी, पुढे पैनगंगेला मिळणारी. तिच्या तीरावरील नरसी हे गाव, ज्याला आज ‘नरसी नामदेव’ म्हणतात, संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. परंपरेनुसार त्यांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे इ. स. १२७० मध्ये झाला, आणि शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, म्हणजे इ. स. १३५० मध्ये, पंढरपूरच्या महाद्वारात त्यांनी समाधी घेतली. जन्मस्थानाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींनी ते पंढरपूर मानले, तर काहींनी गाथेतील ‘नरसी बामणी’चा शोध कऱ्हाडच्या परिसरात घेतला. तथापि नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचे औंढा नागनाथ आणि नामदेवांच्या घरी वाढलेल्या जनाबाईंचे गंगाखेड ही स्थळे नरसीपासून फार दूर नाहीत, आणि या तिन्ही गावांना जोडणारी परंपरेची स्मृती अखंड आहे. प्रस्तुत विवेचनात तीच परंपरा आधाराला घेतली आहे.

आज सर्जनशील लेखनाविषयी जी चर्चा होते, तीत साहित्याबाहेरच्या प्रभावांकडे, म्हणजे व्यवसाय, यंत्रे, घरकाम, परभाषा, सादरीकरण यांच्याकडे, नव्या शोधासारखे पाहिले जाते. मराठीच्या संदर्भात हा शोध नवा नाही. नामदेव आणि त्यांच्या भोवतीचे कवी ज्या प्रभावांतून घडले ते जवळजवळ सगळेच, तत्कालीन काव्यदृष्टीने पाहता, अनपेक्षित होते. आणि त्यांचा परिणाम प्रतिमांच्या सजावटीपुरता राहिला नाही, तर छंद, स्वर, विषय आणि कवितेच्या जतनाची पद्धत, या सर्वांवर तो झाला.

प्रथम व्यवसायाचा विचार करावा लागतो. नामदेव शिंपी कुळातले. वडील दामाशेटी, आई गोणाई. कापड मोजणे, बेतणे, कातरणे आणि शिवणे ही या घराची उपजीविका होती. शीख धर्माच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांचे एक पद आसा रागात आले आहे. त्यात मनाला गज आणि जिभेला कात्री केले आहे, त्या दोन्हींनी यमाचा फास मापून कापला जातो, आणि पुढे सोन्याची सुई व रुप्याचा दोरा येतो. संस्कृत काव्यात रूपक हा अलंकार असतो, म्हणजे आधीच अस्तित्वात असलेल्या आशयाला घातलेला दागिना. या पदात तसे नाही. मापणे, कापणे आणि जोडणे या तीन क्रियांचा जो क्रम शिंप्याच्या बैठकीवर असतो, तोच क्रम पदाच्या विचाराचा आहे. क्रिया काढून घेतल्या तर मागे उरणारा स्वतंत्र आशयच नाही. शिवाय याच पदात जातिपातीशी आपल्याला काय करायचे असा रोकडा प्रश्न आहे, आणि तो ज्या व्यवसायामुळे कवीची जात ठरत होती, त्याच व्यवसायाच्या शब्दांत विचारलेला आहे.

या पदाचा आणखी एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात शिवण्याबरोबर रंगवण्याचाही उल्लेख येतो. उत्तरेत नामदेवांना ‘छीपा’ म्हटले गेले. छीपा म्हणजे कापडावर ठसे उमटवणारा व ते रंगवणारा कारागीर. मराठी मुलखातला शिंपी आणि उत्तरेतला छीपा हे दोन वेगळे व्यवसाय. एकाची ओळख सुईने होते, दुसऱ्याची रंगाच्या कुंडाने. कवीची कविता ज्या प्रदेशात गेली तेथील कारागिरांनी त्याला आपल्यात सामावून घेतले, आणि पदाच्या पोटात दोन्ही धंदे शेजारी शेजारी राहिले. मूळ रचनेतच रंगकाम होते की गाणाऱ्यांच्या मुखी ते आले, याचा निवाडा करण्याची गरज नाही. कवितेवर पडणारे प्रभाव कवीच्या हयातीबरोबर संपत नाहीत, श्रोतेही तिला घडवत राहतात, एवढे त्यातून स्पष्ट होते.

दुसरा प्रभाव गुरूचा, आणि तोही अपेक्षेबाहेरचा. नामदेव विठ्ठलाचे सगुणोपासक. त्यांच्या आरंभीच्या भक्तीत देव हा समोर उभा असलेला, बोलणारा, हट्ट पुरवणारा सखा आहे. संतांच्या मेळाव्यात गोरोबा कुंभारांनी थापटणीने सर्वांची मडकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा वारकरी परंपरेत सर्वश्रुत आहे. त्यानंतर ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले दिसले. जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले, आणि नामदेवांनी पाय जिथे जिथे नेले तिथे तिथे लिंग दिसले. ‘खेचर’ म्हणजे आकाशात संचार करणारा, ही योगमार्गातील संज्ञा. विसोबांचे नाते नाथ संप्रदायाशी, म्हणजे गोरक्षनाथांच्या योगप्रधान शैव परंपरेशी जोडले जाते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी विसोबांच्या नावावरील ‘षट्स्थल’ ही रचना अभ्यासकांपुढे आणली. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य या साधनेच्या सहा पायऱ्यांची कल्पना वीरशैवांची, म्हणजे लिंगायतांची आहे. अशा रीतीने वारकरी पंथाच्या एका आद्य कवीमागे नाथांचा योग आणि कन्नड मुलखातून आलेला वीरशैव विचार, असे दोन शैव प्रवाह उभे आहेत. नामदेवांच्या उत्तरकाळातील रचनांत देव सर्वत्र आहे, मूर्तीत मावत नाही, हा जो सूर येतो त्याचा उगम पंढरीत शोधून सापडत नाही. तो औंढ्याला सापडतो.

औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन शैलीतल्या शिल्पांनी भरलेला आहे आणि वरचा भाग नंतरच्या बांधणीचा आहे. जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. येथे नंदी देवळाच्या मागील बाजूस आहे, आणि त्याचे कारण म्हणून लोक नामदेवांची कथा सांगतात : कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी समोरून उठवले, ते मागे जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. देऊळ फिरल्याचा हा प्रसंग गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या पदांतही आला आहे. तेथे गावाचे नाव नाही, परंतु हीन जातीचा म्हणून उठवला गेल्याचे दुःख मात्र उघड शब्दांत आहे. एका दगडी वास्तूची बाजू आणि एका माणसाचा अपमान यांतून ही कथा उभी राहिली, आणि मराठवाड्यातून थेट पंजाबच्या पवित्र ग्रंथापर्यंत पोहोचली. कवितेला वास्तूही घडवते, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत क्वचितच मिळेल.

या साऱ्यांहून अधिक खोल गेलेला तिसरा प्रभाव मात्र घराचा आहे, आणि अभ्यासकांनी त्याच्याकडे जितके पाहायला हवे तितके पाहिलेले नाही. नामदेवांच्या गाथेत घरातल्या माणसांचे आवाज आहेत. आई गोणाई विठ्ठलाशी भांडते, पत्नी राजाई संसाराची ओढाताण रुक्मिणीपाशी मांडते, नामदेव प्रपंच सोडून देवाच्या दारी बसतो याची दोघींना चीड आहे. नारा, विठा, गोंदा, महादा ही मुले, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या सुना, बहीण आऊबाई आणि मुलगी लिंबाई, यांच्यापैकी अनेकांच्या नावांवर अभंग आहेत. रिकामी चूल, फाटके वस्त्र, दारात उभा सावकार, हा मजकूर भारतीय काव्यात इतक्या उघडपणे, आणि तोही कवीच्या विरोधी पक्षाच्या तोंडून, क्वचितच आला असेल. भक्तिकवितेने आपल्याच भक्तावरची तक्रार आपल्या गाथेत जपून ठेवावी ही थोर गोष्ट आहे, आणि तिचा उगम एका गरीब शिंप्याच्या घरातील रोजच्या कुरबुरीत आहे.

याच घरात जनाबाई होत्या. गंगाखेडच्या जनाबाई लहानपणी दामाशेटींच्या घरी आल्या आणि दासी म्हणून जन्मभर राहिल्या. दळण, कांडण, शेणगोळा, झाडलोट, पाणी भरणे ही त्यांची कामे आणि हेच त्यांच्या अभंगांचे विश्व. विठ्ठल त्यांच्याबरोबर जात्याचा खुंटा धरतो आणि गोवऱ्या वेचतो. जनाबाईंच्या रचनेमागे पुस्तक नव्हते, परंतु परंपरा होती, आणि ती फार जुनी होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ओवी हा साडेतीन चरणांचा सैल, गळ्यावर चालणारा छंद. पहिल्या तीन चरणांत यमक आणि शेवटचा चरण आखूड. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरील भाष्यासाठी तोच निवडला, तेव्हा या छंदाच्या मागे निदान दीडशे वर्षांचे कांडण-दळण उभे होते. मराठीतील तत्त्वज्ञानाचा एक आद्य मोठा ग्रंथ ज्या लयीत लिहिला गेला ती लय मुसळाच्या घावांतून आणि जात्याच्या फेऱ्यांतून आली, आणि ती घडवणाऱ्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव शिल्लक नाही. साहित्याच्या इतिहासाने हे ऋण ठळक अक्षरांत लिहायला हवे होते.

ओवीला बांध घातला की अभंग होतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशा अक्षरांचे चार चरण असतात, एकूण बावीस अक्षरे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. नामदेवांच्या नावावरील एका अभंगात या अक्षरसंख्येचे गणितच सांगितलेले आहे आणि त्याच वेळी आपल्याला अभंगाची कला ठाऊक नव्हती, ती देवाने शिकवली, असेही म्हटले आहे. छंदाचे नियम सांगणारा कवी ते शास्त्राकडून घेतल्याचे सांगत नाही, हे महत्त्वाचे आहे. मोजून बेतण्याची सवय असलेल्या हातांनी घरातल्या बायकांच्या सैल ओवीला माप लावले, असा तर्क येथे करावासा वाटतो. तो सिद्ध करता येणार नाही. तथापि ओवी आणि अभंग यांतील फरक नेमका मापाचा आहे, ही गोष्ट या तर्काला बळ देते.

चौथा प्रभाव सादरीकरणाचा. नामदेवांना वारकरी कीर्तनाचे आद्य प्रवर्तक मानले जाते. कीर्तन म्हणजे श्रोत्यांपुढे उभे राहून टाळ-मृदंगाच्या साथीने नाम, कथा आणि निरूपण यांची केलेली गुंफण. अशी कविता कागदासाठी रचलेली नसते. तिला पालुपद लागते, श्रोत्यांनी उचलायचे चरण लागतात, आणि रचनाकाराची खूण म्हणून शेवटी नाममुद्रा लागते. अमेरिकी अभ्यासक ख्रिस्तियन नोवेत्स्के यांनी नामदेवांच्या परंपरेचा अभ्यास करताना कीर्तनकारांच्या ‘बाडां’कडे लक्ष वेधले. बाड म्हणजे कीर्तनकाराने स्वतःच्या वापरासाठी केलेली अभंगांची टिपणवही. तीत नामदेवांचा अभंग असतो, कोणा दुसऱ्याचा दृष्टान्त असतो, मधल्या दुव्यांची आठवण असते. नामदेवांची कविता मुख्यतः अशा वह्यांतून वाहत आली, आणि त्यामुळे ‘नामा म्हणे’ या मुद्रेखाली अनेक पिढ्यांचे आवाज मिसळले. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या दुसऱ्या कवीच्या रचनाही त्या प्रवाहात मिळाल्या. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये, नामदेवांच्या सातशेव्या जन्मवर्षी, जी गाथा प्रसिद्ध केली तीत सुमारे २५०० अभंग आहेत. त्यांतील कोणते चौदाव्या शतकातले, हे ठरवणे अवघड आहे. ज्याला एकाच लेखकाची खात्रीलायक संहिता हवी आहे त्याला हा दोष वाटेल. परंतु कविता ही एकट्या माणसाची मालमत्ता नाही, असे मानणाऱ्या समाजाने ती कशी जपली, याचा हा पुरावा आहे आणि तो अमूल्य आहे.

जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका अभंगात तर कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादीच आहे. तीनुसार ज्ञानेश्वरांचे लेखक चिदानंदबाबा, सावता माळ्यांचे काशिबा गुरव, चोखामेळ्याचे अनंतभट, आणि खुद्द जनीचे लेखक पांडुरंग. गावकुसाबाहेरच्या चोखोबांची वाणी एका ब्राह्मणाच्या लेखणीने उतरवली, आणि दासीची वाणी उतरवायला माणूस मिळाला नाही म्हणून देवाला बसावे लागले, असे ही यादी सांगते. ऐतिहासिक म्हणून तिचे मूल्य काहीही असो, अक्षर कोणाच्या हाती होते आणि कविता कोणाच्या ओठी होती, यांतील अंतराची इतकी स्वच्छ जाणीव इतक्या जुन्या काळी नोंदली गेली, ही गोष्ट विलक्षण आहे.

ज्ञानेश्वरांबरोबरच्या तीर्थयात्रेचे वर्णन नामदेवांच्या ‘तीर्थावळी’त येते, आणि १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतल्यावर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, नामदेव उत्तरेस गेले व पंजाबात दीर्घकाळ राहिले. तो काळ उलथापालथीचा होता : त्याच वर्षी अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपुष्टात आले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव नामदेवांच्या वास्तव्याने ओळखले जाते. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये संकलित केलेल्या आदिग्रंथात, जो पुढे गुरू ग्रंथसाहिब म्हणून प्रतिष्ठित झाला, नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांची भाषा उत्तरेकडील संतांची मिश्र बोली. तीत ‘बीठल’ आहे, मराठी प्रत्ययांच्या खुणा आहेत, आणि तिलंग रागातील पदांत करीम, रहीम, अल्ला ही नावे व फारसी वळणाचे शब्दही सहज येतात. पंढरीचा विठोबा आणि फारसीचा ‘करीम’ एकाच कवीच्या नावावर एकाच ग्रंथात नांदतात, यामागे प्रवासाचे, बाजारपेठांचे आणि सराईतल्या संगतीचे संस्कार आहेत. हा प्रभाव उलट दिशेनेही वाहिला. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला ते नांदेड हिंगोलीच्या शेजारचे, आणि तेथे येणारे शीख भाविक भगत नामदेवांचे गाव म्हणून नरसीलाही येतात. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमान येथे भरले, तेव्हा मराठी लेखक एका कवीच्या पावलांमागून सुमारे सात शतकांनी तेथे पोहोचले.

नामदेवांनंतरच्या काही शतकांचा येथे ओझरताच निर्देश पुरेसा आहे. हा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली येथे संस्थानच्या फौजेची छावणी होती, कारभाराची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. मराठी लेखकाला स्वतःची भाषा घरी आणि मंदिरात मिळे, दप्तरात नाही. परभणी परिसरातील कवी व कथाकार बी. रघुनाथ (१९१३–१९५३) याच राजवटीच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. त्यांचा ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह १९४१ मध्ये आला. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूर येथे १९३२ मध्ये जन्मलेले विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे शिक्षण हैदराबादेत, मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याजवळ झाले. मुक्तेश्वर-मोरोपंतांचा व्यासंग मामांच्या घरी आणि स्वातंत्र्याचा लढा रस्त्यावर, अशा दुहेरी शाळेत ते घडले. परक्या राजभाषेच्या सावलीत स्वभाषेविषयीची जी धारदार जाणीव निर्माण होते, ती मराठवाड्याच्या गद्यात पुण्या-मुंबईच्या गद्याहून अधिक आढळते, हा योगायोग नसावा.

स्वातंत्र्योत्तर काळात या परिसरातील कवितेचा जुना झरा पुन्हा उघडा झाला तो शेतीच्या बाजूने. वसमत तालुक्यातील रिधोरा येथे १९६३ मध्ये जन्मलेले इंद्रजित भालेराव यांचा ‘पीकपाणी’ हा संग्रह १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पेरणी, काढणी, खळे, बैल, हळदीचे आणि जोंधळ्याचे रान, कुणब्याच्या बाईचे उन्हातले काम, हा मजकूर त्याआधीच्या मराठी कवितेत नव्हता असे नाही; परंतु तो बहुधा गाव पाहायला आलेल्या डोळ्यांना दिसलेला होता. भालेरावांच्या कवितेत तो बोलीसह, कामाच्या लयीसह आणि स्त्रियांच्या गाण्यांच्या चालीसह येतो. ‘कुळंबिणीची कहाणी’ या रचनेच्या शीर्षकातच जनाबाईंच्या वंशाची ओळख पटते. ही कविता व्यासपीठावरून म्हटली जाते, शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत ऐकली जाते, शाळांत पाठ होते. तिचे श्रोते कीर्तनाच्या श्रोत्यांचेच वारस आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळातच महानगरातही हे ऋण वेगळ्या रीतीने फेडले जात होते. जाहिरात क्षेत्रात चित्रकार-संकल्पक म्हणून काम करणारे अरुण कोलटकर जनाबाई, नामदेव आणि तुकाराम यांचे अभंग इंग्रजीत नेत होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत, मुंबईच्या फुटपाथवरची हिंदी आणि जाहिरातीची नेमकी भाषा, असे एकमेकांशी संबंध नसलेले संस्कार त्यांच्या लेखनात एकत्र आले होते. कष्टकऱ्यांच्या गाण्यातून घडलेले ब्लूज ऐकणाऱ्या कवीला जात्यावरची जनाबाई जवळची वाटावी, यात नवल नाही; दोन्हीकडे काम करणारा देह गातो, आणि दोन्हीकडे देवाशी सलगीने, प्रसंगी शिवी देऊन, बोलता येते.

मात्र एक मूलभूत बदल घडला आहे आणि त्याची नोंद आवश्यक आहे. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली तेव्हा बायकांच्या मनगटांवरचा पहाटेचा भार उतरला, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. परंतु त्याबरोबर ओवी ज्या कामातून जन्मत होती ते कामही गेले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचे मोठे संकलन केले, मराठवाड्यातील लोकगीते गोळा करण्याचे काम ना. शे. पोहनेरकरांनी केले, आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, त्यांतील हजारो ध्वनिमुद्रित केल्या. या संग्रहात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीसोबत लिहिलेले असते, जे ‘मानसोल्लासा’त नव्हते. आज नरसी, औंढा किंवा वसमतच्या शाळेत शिकणारी, कविता लिहू पाहणारी मुलगी ओवी ऐकते ती आजीच्या मांडीवर क्वचित आणि ध्वनिमुद्रणातून अधिक. जात्याची घरघर तिच्या कानांवर पडते ती गाण्यामागच्या आवाजासारखी. त्या आवाजातून ती कोणता छंद घडवील, किंवा हळदीच्या कारखान्यातल्या यंत्राची आणि ऊसतोडीच्या ट्रॅक्टरची लय तिला अधिक जवळची वाटेल, हे तिच्या हातात कोणते काम आहे यावर ठरेल.